मनाचा जमाखर्च

देवळाच्या पायरीवर दोन परिचित भेटले म्हणजे पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय, कसं काय?" आणि उत्तरही ठरलेले असते, "ठीक आहे." या प्रश्नोत्तरांत कोणाचीही लबाडी नसते. विचारणाऱ्यालाही घाई असते आणि सांगणाऱ्यालाही. तथापि मनुष्य एकटा असताना हाच प्रश्न त्याने स्वतःस विचारला, तर तेथेही तो बहुधा "ठीक आहे" असेच सांगून मोकळा होतो, ही गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. प्रकृतीची विचारपूस आपण रोज करतो. रक्तदाब मोजतो, साखर तपासून घेतो. घरखर्चाचा हिशेब ठेवतो आणि संस्थेचा तर वर्षाकाठी लेखापरीक्षकाकडून तपासूनही घेतो. परंतु ज्या मनाच्या जोरावर हे सारे व्यवहार चालतात, त्या मनात आज काय जमा झाले आणि काय खर्ची पडले, याची नोंद कोण ठेवतो?

आपल्या मनाची खबर सर्वांत आधी आपल्यालाच असते, अशी आपली समजूत आहे. ती खरी नाही, हे आम्हांस एका प्रसंगाने कळून आले. तो प्रसंग आमच्या चुकीचा आहे. पण ज्यांच्या बाबतीत ती चूक घडली, ते गृहस्थ मोठ्या मनाचे आहेत आणि वाचकांपैकी पुष्कळांस असेच काही आपल्या आयुष्यातले आठवेल, म्हणून सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. रामनवमीच्या महाप्रसादाची व्यवस्था आमच्याकडे होती. कोठीघर आणि चूल सांभाळणारे एक वयोवृद्ध सेवेकरी होते. तीस वर्षे त्यांनी हे काम विनामूल्य केले होते. किती पानांना किती तांदूळ, किती डाळ, कढी किती पातळ ठेवली म्हणजे शेवटच्या पंगतीपर्यंत पुरते, हे सारे त्यांच्या हातात बसलेले होते. त्या दिवशी तिसऱ्या पंगतीला भात कमी पडला. माणसे पानावर बसलेली, वाढपी रिकामी परात घेऊन उभे. आम्ही कोठीघराच्या दारात गेलो आणि दहाबारा लोकांच्या देखत त्या वृद्ध गृहस्थांस नको ते बोललो. एवढ्या वर्षांनी साधे माप कळत नसेल तर जागा सोडावी, असेही शब्द आमच्या तोंडून गेले. ते काही बोलले नाहीत. त्यांनी पुन्हा आधण ठेवले, भात केला, शेवटचे पान उठेपर्यंत उभे राहिले, भांडी मोजून कुलूप लावले, किल्ली आमच्या हाती दिली आणि उपरणे खांद्यावर टाकून घरी गेले.

चार दिवसांनी उत्सवाचा जमाखर्च लिहावयास बसलो, तेव्हा वाण्याच्या पावत्यांत एक चिठ्ठी सापडली. तीत पानांची संख्या लिहिली होती, तीनशे. अक्षर आमचे होते. त्यानंतर आम्ही आणखी शंभरावर आमंत्रणे दिली होती आणि ती कोठीघरात कळवावयाचे विसरलो होतो. तीनशे पानांचा भात त्यांनी बिनचूक केला होता. चूक हिशेबातली होती आणि हिशेब आमचा होता.

त्याच संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी गेलो. क्षमा मागण्याचे शब्द वाटेत जुळवून ठेवले होते. त्यांनी ते पुरते बोलूही दिले नाहीत. म्हणाले, "अहो, त्या दिवशी तुमचं घरीच काहीतरी बिनसलं होतं. सकाळी पूजेला उभे होतात तेव्हाच तोंडावरून कळलं मला. त्याचं एवढं काय मनावर घेता?"

घरी बिनसले होते हे खरेच होते. परगावी असलेला मुलगा उत्सवास येणार होता, तो येत नसल्याचे त्या सकाळीच कळले होते. पण आम्ही तर सर्वांस, आणि स्वतःसही, "ठीक आहे" असे सांगितले होते. आमच्या मनातला सल आम्हांस ठाऊक नव्हता. तो चुलीपाशी उभ्या असलेल्या एका माणसास दिसला होता, आणि ज्याने तो पाहिला, त्याच्याच नावावर आम्ही तो खर्ची टाकला होता.

हा प्रसंग आम्ही पुष्कळदा उलटसुलट करून पाहिला आहे. त्यातून उभा राहिलेला प्रश्न असा : जो राग आपला आपल्यालाच दिसत नाही, त्याबद्दल मनुष्यास दोषी धरावे काय? "मला कळले नाही" हे उत्तर कायद्याच्या अज्ञानास चालत नाही. मनाच्या अज्ञानास चालावे काय?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाची लक्षणे सांगताना भगवंतांनी दोन श्लोकांत मनुष्याच्या घसरणीची एक उतरंड मांडली आहे. आपल्यापैकी अनेकांस ते श्लोक पाठ आहेत. विषयाचे चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून कामना, कामनेतून क्रोध, क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, स्मृतिभ्रंशातून बुद्धीचा नाश आणि शेवटी मनुष्याचाच नाश. पाठांतराच्या ओघात एक गोष्ट नजरेतून निसटते. क्रोध या उतरंडीत पहिला नाही, तो चौथा आहे. आपण ज्याला आरंभ समजतो, तो वास्तविक मध्य असतो. राग "एकदम" आला असे आपण म्हणतो, तेव्हा त्याच्या आधीच्या तीन पायऱ्या आपण न पाहता उतरून आलेलो असतो.

आमच्या प्रसंगास ही उतरंड लावून पाहा. मुलगा पंगतीत शेजारी बसेल, चार लोक पाहतील, विचारपूस करतील, हे चित्र आम्ही आठवडाभर मनात रंगवीत होतो. हे चिंतन झाले. त्या चित्राशी मन जखडले गेले, ही आसक्ती. ते घडलेच पाहिजे असे वाटू लागले, ही कामना. ती मोडली तेव्हा क्रोध उत्पन्न झाला. पण मुलावर रागावण्यास तो समोर नव्हता, आणि आपण दुखावलो आहो हे कबूल करणे आमच्या प्रौढपणास शोभणारे वाटले नाही. मग तो क्रोध निमित्त शोधीत राहिला आणि रिकाम्या परातीच्या रूपाने ते सापडले. पुढच्या पायऱ्या तर अक्षरशः खऱ्या ठरल्या. स्मृतिभ्रंश म्हणजे काय, हे आम्हांस पोथीतून कधी समजले नव्हते ते तेथे समजले. तीस वर्षांची सेवा आम्ही एका क्षणात विसरलो. बुद्धिनाश म्हणजे काय, तेही समजले. तीनशे आणि चारशे यांतले अंतर मोजण्याइतकीही बुद्धी उरली नव्हती.

यावरून आमच्या प्रश्नाचे उत्तर हाती येते. चौथ्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसास थांबणे कठीण असते, हे मान्य करू. परंतु पहिल्या पायरीपासून तिसऱ्यापर्यंत त्यास एक आठवडा मिळालेला असतो. त्या आठवड्यात त्याने आत डोकावून पाहिले नाही, ही त्याची जबाबदारी आहे. मनाचे अज्ञान हे पुष्कळदा अज्ञान नसतेच. ती न वाचता बाजूस ठेवलेली चिठ्ठी असते.

मग ही चिठ्ठी वाचावी कशी? या बाबतीत आपल्या परंपरेत संत एकनाथांची एक कथा सांगतात. नाथ देवगिरीस जनार्दनस्वामींच्या सेवेत होते. स्वामी किल्ल्यावरचे मोठे अधिकारी असल्याने जमाखर्चाचे काम नाथांकडे होते. एके रात्री हिशेबात एका पैची चूक येऊ लागली. नाथ रात्रभर दिवा लावून बसले. पहाटे चूक सापडली, तेव्हा आनंदाने त्यांनी टाळी वाजविली. गुरूंनी ती ऐकली आणि म्हणाले की, एका पैची चूक सापडल्याचा एवढा आनंद, तर जन्माच्या हिशेबातली चूक सापडली तर केवढा होईल! या कथेचा उपदेश सर्व कीर्तनकार सांगतात. आम्हांस तिच्यातली टाळी फार महत्त्वाची वाटते. चूक सापडली म्हणून नाथ खिन्न झाले नाहीत, त्यांनी कपाळावर हात मारून घेतला नाही. सापडलेली चूक ही त्यांना प्राप्ती वाटली. ज्या नाथांनी पुढे शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांतले अपपाठ शोधून शुद्ध प्रत सिद्ध केली, त्यांचा हा स्वभावच दिसतो. चूक शोधावी ती शुद्धीसाठी, शिक्षेसाठी नव्हे.

आत्मनिरीक्षणाचा मार्ग येथेच दोन वाटांना फुटतो. एक वाट जमाखर्चाची आणि दुसरी फिर्यादीची. जमाखर्च लिहिणारा म्हणतो, "आज दुपारी अमक्या कारणाने मत्सर वाटला." फिर्यादी म्हणतो, "मी किती हलका माणूस!" पहिल्या वाक्यात माहिती आहे, दुसऱ्यात केवळ मार आहे. पुष्कळ सात्त्विक प्रवृत्तीची माणसे या दुसऱ्या वाटेस लागतात आणि आपण फार आत्मपरीक्षण करतो असे समजून वर्षानुवर्षे स्वतःस बोल लावीत बसतात. असे केल्याने मन स्वच्छ होत नाही, उलट ते भ्यालेल्या मुलासारखे खोटे बोलावयास शिकते. समर्थ रामदासांनी मनास उद्देशून दोनशे पाच श्लोक लिहिले. त्यांत मनाचे दोष त्यांनी एकही लपविलेला नाही, पण मनास हाक मारताना ते त्याला सज्जन म्हणतात. ज्याला सुधारावयाचे, त्यास आधी सज्जन म्हणावे, हे केवढे शहाणपण आहे!

मुंडक उपनिषदात एका झाडावरच्या दोन पक्ष्यांचा दृष्टान्त आहे. एक पक्षी फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. या पाहणाऱ्यास आपण साक्षी म्हणतो. न्यायालयाच्या सवयीमुळे साक्षी म्हटले की आपल्याला आरोप आणि निकाल आठवतात. पण उपनिषदाने त्या दोन पक्ष्यांना परस्परांचे सखे म्हटले आहे. आपल्या आत जो पाहणारा आहे, तो आपला सोबती आहे. त्याच्यासमोर लपविण्यासारखे काही नाही आणि मिरविण्यासारखेही काही नाही.

या पाहण्याचे सामर्थ्य केवढे असते, याचे एक उदाहरण आपल्या बडोद्यातच घडले आहे. श्रीअरविंद घोष १८९३ ते १९०६ अशी तेरा वर्षे सयाजीराव महाराजांच्या नोकरीत येथे होते. नोकरी सोडून ते बंगालच्या राजकारणात गेले. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेची काँग्रेस मोडली आणि त्यानंतर ते पुन्हा बडोद्यास आले. तेथे त्यांची विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याशी गाठ पडली. सरदार मजुमदारांच्या वाड्यात माडीवरच्या एका खोलीत हे दोघे तीन दिवस एकत्र बसले. लेल्यांनी काही गूढ मंत्र दिला नाही. मनाकडे नुसते पाहा, विचार बाहेरून येताना दिसतील, ते आत शिरण्यापूर्वीच त्यांना परतवा, एवढीच त्यांची शिकवण होती. विचार आपल्याच घरात जन्मतात असे आपण समजतो. ते पाहुण्यांसारखे दाराशी येतात आणि आपण होकार दिला तरच बैठक मारतात, हे श्रीअरविंदांना त्या खोलीत प्रत्यक्ष दिसले. त्यांचे मन शांत झाले, आणि ती शांती पुढे टिकली, असे त्यांनी स्वतः नंतर लिहून ठेवले आहे.

या कथेचा उत्तरार्ध आमच्या विषयास अधिक उपयोगी आहे. त्यानंतर लगेच त्यांस मुंबईच्या सभेत बोलावयाचे होते. मन तर रिते झालेले! बोलावे कसे, असा प्रश्न त्यांनी लेल्यांस विचारला. श्रोत्यांस नमस्कार करून थांबा, शब्द येतील, असे लेल्यांनी सांगितले. १९ जानेवारी १९०८ रोजी त्यांचे ते व्याख्यान झाले. त्याच वर्षी मे महिन्यात त्यांस अटक झाली आणि वर्षभर ते अलीपूरच्या तुरुंगात राहिले. मन शांत झाले म्हणून ते घरात दार लावून बसले नाहीत. राज्यकर्त्यांच्या रोषास सामोरे जाण्याच्या त्यांच्या निश्चयास त्या शांतीने बाध आला नाही.

हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, या मार्गावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. आक्षेपक म्हणतात, "ज्याने त्याने आपापल्या मनाकडे पाहत बसावयाचे, तर जगातल्या दुःखाकडे कोणी पाहावयाचे? शेजारच्या घरी चूल पेटली नाही आणि हा मात्र आपले समत्व जपतो आहे, याला धर्म म्हणावे की स्वार्थ?" आक्षेप पोकळ नाही. समत्वाच्या नावाखाली निबर झालेली माणसे आम्ही पाहिली आहेत. दुसऱ्याच्या घरचा मृत्यू ऐकून "सर्व ईश्वरेच्छा" एवढे म्हणून जे पुन्हा जेवणास बसतात, त्यांच्या शांतीबद्दल आम्हांस शंका येते.

याचे उत्तर पुन्हा नाथांच्या चरित्रात आहे. गोदावरीवरून स्नान करून येणाऱ्या नाथांच्या अंगावर एक मनुष्य वारंवार थुंकला आणि प्रत्येक वेळी नाथ शांतपणे पुन्हा स्नानास गेले, ही कथा घरोघरी माहीत आहे. परंतु त्याच नाथांनी तापलेल्या वाळवंटात रडत असलेले अस्पृश्य समजल्या जाणाऱ्या जातीतले मूल कडेवर उचलून घरी पोहोचविले, हीदेखील त्यांच्याच चरित्रातली कथा आहे. पहिल्या कथेतला मनुष्य जर केवळ थंड असता, तर दुसऱ्या कथेत तो त्या मुलाजवळून तसाच निघून गेला असता. स्वतःच्या अपमानाने त्यांचे मन भरलेले नव्हते, म्हणूनच मुलाचे रडणे त्यांच्या कानी पोहोचले. आत गोंगाट असला म्हणजे बाहेरचे रडे ऐकू येत नाही. आमच्याच प्रसंगात, आमच्या डोक्यात त्या दिवशी एवढा कोलाहल होता की, चुलीपाशी उभ्या असलेल्या वृद्धाचा थकवा आम्हांस दिसला नाही.

तेव्हा क्रोध सर्वस्वी वाईटच काय? अन्याय पाहूनही मनुष्याने रागावू नये काय? आम्ही असे म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की, राग आला म्हणजे त्याकडे एकदा पाहावे. पाहण्याने रागाची परीक्षा होते. मानभंगातून उपजलेला राग पाहिल्याबरोबर ओशाळतो, कारण त्याला आपले खरे नाव सांगण्याची लाज वाटते. दुसऱ्यावरील अन्यायातून उपजलेला राग पाहिल्यानंतरही उभा राहतो, त्यातला कडवटपणा तेवढा जातो आणि निर्धार शिल्लक राहतो. पहिला राग घाईत असतो, दुसरा उद्यापर्यंत थांबू शकतो. ज्या रागास उद्यापर्यंत थांबता येत नाही, तो बहुधा स्वतःसाठीच आलेला असतो, असा आमचा अनुभव आहे.

येथे आणखी एक भेद सांगितला पाहिजे. पाहणे निराळे आणि दडपणे निराळे. आपल्या घरांतून, विशेषतः पुरुषांस, दुःख दडपण्याचे शिक्षण लहानपणापासून मिळते. स्त्रियांस राग दडपण्याचे मिळते. दडपलेली भावना नाहीशी होत नाही, ती नाव बदलून परत येते. दुःख चिडचिडीच्या रूपाने येते, राग डोकेदुखीच्या रूपाने येतो, भीती टीकेच्या रूपाने येते. म्हणून हिशेबात पहिले काम खरे नाव लिहिण्याचे आहे. आम्ही त्या सकाळी "मला वाईट वाटते आहे" एवढे चार शब्द घरात बोललो असतो, तर दुपारचे सारे बोलणे टळले असते.

भावनेस नाव देण्याचा हा गुण आधुनिक मानसशास्त्रज्ञांनीही तपासून पाहिला आहे. अमेरिकेत मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात असे दिसले की, समोरच्या चित्रातील भावनेस शब्द दिला असता मेंदूतील भयक्रोधादींशी निगडित असलेल्या भागाची खळबळ कमी होते. त्याआधी १९८६ साली जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी विद्यार्थ्यांस लागोपाठ चार दिवस रोज पंधरा मिनिटे आपल्या आयुष्यातील क्लेशकारक गोष्टींविषयी लिहावयास लावले. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, त्यांना लिहिताना त्रास झाला, पण पुढील महिन्यांत त्यांचे दवाखान्यात जाणे कमी झाले. संतवचनांना प्रयोगशाळेच्या शिक्क्याची गरज आहे असे आम्हांस वाटत नाही. परंतु तरुण वाचकांपैकी कोणास ही सारी जुन्या काळची समजूत वाटत असेल, तर त्याने एवढे लक्षात घ्यावे.

या मार्गाची मर्यादाही स्पष्ट सांगणे आमचे कर्तव्य आहे. काही वेळा मनाचे दुखणे हे खरोखरीच दुखणे असते. आठवड्यामागून आठवडे झोप न येणे, अन्नावरची वासना उडणे, कशातही रस न वाटणे, जगणे नकोसे होणे, ही लक्षणे असतील तर "नामस्मरण कर, मन घट्ट कर" असा उपदेश करून थांबू नये. हाड मोडले असता आपण अस्थितज्ज्ञाकडे जातो, तेथे श्रद्धेस उणेपणा येत नाही. मनाच्या वैद्याकडे गेल्यानेही येत नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक याच कामासाठी आहे. आपल्या घरात, आपल्या बिऱ्हाडाशेजारी कोणी असे गप्प गप्प झालेले असेल तर त्यास तो सांगावा, आणि सांगून निघून न जाता थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे.

आता करावयाचे काय? मोठे व्रत आम्ही सुचवीत नाही. मोठी व्रते चातुर्मासात आरंभून दिवाळीपूर्वीच सुटतात. आपल्याकडे एक जुनी रीत आहे. दर्शन घेतल्यावर सभामंडपात किंवा पायरीवर क्षणभर टेकावयाचे आणि मगच घरी निघावयाचे. लहानपणी वडीलधारी माणसे हात धरून बसवीत. "देवळात आलास आणि तसाच निघालास?" असे म्हणत. त्या टेकण्याचे कारण कोणी सांगितले नाही आणि आपणही विचारले नाही. आज लोक दर्शन घेतात आणि चपला पायात सरकवता सरकवताच खिशातला दूरध्वनी काढतात. ते क्षणभर टेकणे परत आणावे, एवढेच आमचे मागणे आहे. गाभाऱ्यात आपण देवाकडे पाहिले. आता पायरीवर बसून, देवासमोर उभा राहिलेला तो कोण होता, त्याच्याकडे पाहावे.

तेथे स्वतःस तीन प्रश्न विचारावेत. पहिला, या घटकेस मनात काय आहे, त्याचे खरे नाव काय? दुसरा, ते कोठून आले, कोणाच्या घरचे आहे? तिसरा, आज ते मी कोणाच्या नावावर खर्ची टाकणार आहे? तिसरा प्रश्न विसरू नये, कारण हिशेबाची खरी मेख तेथे आहे. कचेरीतला अपमान बायकोच्या नावावर, बायकोशी झालेला वाद मुलाच्या नावावर, मुलाची काळजी रिक्षावाल्याच्या नावावर, अशी उधारी आपण रोज फिरवीत असतो. ज्याचे देणे त्यालाच द्यावे, दुसऱ्याच्या खाती टाकू नये, हा व्यापारातला साधा प्रामाणिकपणा आहे. मनाच्या व्यवहारातही तोच पाळावयाचा आहे. रात्री निजण्यापूर्वी ज्यास शक्य असेल त्याने दोन ओळी वहीत लिहाव्यात. त्या दुसऱ्या कोणास दाखविण्यासाठी नसल्यामुळे त्यांत अलंकार घालण्याचे कारण नाही.

हे केल्याने मन एका महिन्यात स्थितप्रज्ञाचे होईल असे आम्ही सांगत नाही. आमचे झालेले नाही. अजूनही राग येतो. फरक पडला असेल तर एवढाच की, पूर्वी तो गेल्यावर कळत असे, आता पुष्कळदा येताना कळतो, आणि क्वचित येण्यापूर्वी. सहाव्या अध्यायात अर्जुनाने मन वाऱ्यासारखे आवरण्यास कठीण आहे अशी तक्रार केली, तेव्हा भगवंतांनी ती खोडून काढली नाही. कठीण आहे खरे, असेच म्हटले, आणि अभ्यास व वैराग्य यांची वाट दाखविली. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणे, यात पुन्हा पुन्हा चुकणेही आलेच.

आरंभी सांगितलेल्या सेवेकऱ्यांविषयी वाचकांस उत्सुकता असेल. त्यांनी आम्हांस क्षमा केली. घरी चहा दिला, नातवाची ओळख करून दिली, निघताना दारापर्यंत आले. आजही ते कीर्तनास येतात आणि खांबाला टेकून नेहमीच्या जागी बसतात. आमच्याशी आपुलकीने बोलतात. परंतु कोठीघरात ते पुन्हा आले नाहीत. आम्ही दोनदा विनंती केली, तेव्हा, "आता वय झालं, तरुणांना शिकू द्या," असे हसून म्हणाले. ते उत्तर पूर्ण खरे असेल, किंवा पूर्ण खरे नसेल. आम्हांस ते विचारण्याचा अधिकार उरलेला नाही. काही ऋणे माफ होतात, पण परत फिटत नाहीत, ही गोष्ट त्या उत्तराने आम्हांस शिकविली.

दर रामनवमीस पानांची संख्या आता दोघेजण तपासतात. चिठ्ठीवर लिहून झाल्यावर आम्ही कोठीघराच्या दाराशी क्षणभर थांबतो आणि तो तिसरा प्रश्न स्वतःस विचारतो. आत तरुण मुले कामात असतात. त्यांच्यापैकी कोणाच्या नावावर आमच्या घरचे काही पडू नये, एवढीच त्या वेळी रामरायापाशी प्रार्थना असते.